रुखवतावरचं नाव

कुंदे,

तू गेलीस त्याला आज सोळावा दिवस, आणि मला अजून रडू आलेलं नाही. घरातले सगळे माझ्याकडं चोरून बघतात, हिचा बांध कधी फुटतोय म्हणून. सून चहा देऊन जाताना दारात उगाच घुटमळते. मी चहा पिते, कप विसळते, पालथा घालते. मला भूक लागते, झोप लागते. काल तर भाजीवाल्याशी गवारीवरून भांडलेसुद्धा. जून गवार कोवळी म्हणून गळ्यात मारत होता मेला. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, मग आपलाच गाल चावला तरी कळत नाही, तसं झालंय मला.

विजयाचा फोन आला तेव्हा मी इडलीचं वाटत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली तुझी पोर. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? "बरं." आता ह्याला काय म्हणावं! फोन ठेवला आणि मिक्सर परत चालू केला, कारण डाळ अर्धी वाटायची राहिली होती. पीठ काढलं, भांडं धुतलं, ओटा पुसला आणि मग बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "अरेरे," म्हणाले, "दवाखान्यातनं तर बरी होऊन गेली होती की. बिचारी. तिलाही तुझ्यासारखी हातकामाची हौस होती ना?"

तिला, माझ्यासारखी! एरवी मला हसू आवरलं नसतं, पण हसूही आलं नाही. ह्यांचा काही दोष नाही. ह्यांना काय, सासूबाईंना काय, अख्ख्या सांगलीला मी तेवढंच कळू दिलं होतं. खरं काय ते आपल्या दोघींनाच माहीत, म्हणजे आता मला एकटीलाच. तू असताना एकदा तरी, चारचौघांत, मोठ्यानं सांगायचं होतं की हे सगळं कुंदाचं आहे, मी नुसती नावाची धनीण. पस्तीस वर्षं सांगायचं होतं. ते राहून गेलं.

लग्न ठरलं तेव्हा मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आईनं शिवण शिकायला पाठवलं, तर तिसऱ्या दिवशी बोटात सुई घालून घेतली आणि घरी आले ती परत गेले नाही. आणि दिवस कसले होते? ऐंशीच्या दशकातले. आपल्या साताऱ्यात बायकांना हातकामाचं नुसतं खूळ चढलं होतं. आधी प्लास्टिकच्या वायरच्या बास्केटी आल्या. मग फरची कुत्री, मग उशांच्या अभ्र्यांवर निबपेंटिंगची गुलाबं, मग टीव्हीवर मण्यांचा हंस. आणि मग मॅक्रमे. जाड दोऱ्याच्या गाठीच गाठी. कुंडी टांगायला मॅक्रमे, आरशाभोवती मॅक्रमे, फोनच्या खाली मॅक्रमे. वाण्याच्या दुकानात बायका एकमेकींना विचारायच्या, "झालं का गं तुझं घुबड?" भिंतीवर मॅक्रमेचं घुबड लावायची टूम होती तेव्हा. तुझी आई कसली भडकली होती! "घरात घुबड टांगतात होय गं, अवदसे?" मग तू त्याच घुबडाचे डोळे उसवलेस, खाली पिसारा लावलास आणि मोर केलास. दोन महिन्यांत साताऱ्यातल्या बहुतेक घुबडांचे मोर झाले.

ह्या सगळ्याच्या मुळाशी तू. पुण्याला मामाकडं जायचीस, कुणाच्या तरी दिवाणखान्यात एखादी वस्तू बघायचीस आणि घरी येऊन तशीच्या तशी करायचीस. कुणी शिकवलं नाही, पुस्तक बघितलं नाही. तू डावखुरी, आणि त्या डाव्या हातात काय होतं देव जाणे. दुपारी तुमच्या माडीवर बायका जमायच्या. समोरच्या घरातनं मीही यायचे. माझं काम शेंगा खायचं आणि तोंड चालवायचं.

माझं रुखवत तू केलंस. आता आपल्याकडं रुखवत म्हणजे नवरीच्या हातचं, असं बोलायची पद्धत. करतं कोण ते सगळ्यांना माहीत असतं. मावश्या करतात, वहिन्या करतात, शेजारणी करतात. हॉलमध्ये टेबलावर मांडायचं, पुढं नवरीच्या नावाची पाटी ठेवायची. लोक "गुणाची हो पोरगी" म्हणतात आणि जेवायला जातात. तू एकवीस वस्तू केल्यास. बाळकृष्णाचा मॅक्रमेचा झोपाळा, मोर, सुपारीचे नवरा-नवरी, थर्माकोलचा बंगला, त्या बंगल्याला तारेचं फाटक. फाटक उघडायचं सुद्धा! दोन महिने तुझ्या सगळ्या दुपारी त्यात गेल्या. आणि पाटीही तूच लिहिलीस, स्केचपेननं, कडेला वेल काढून. 'सर्व वस्तू कु. सुमन हिने स्वहस्ते केल्या आहेत.' मी म्हणाले, "अगं, निदान खाली कुठं तरी तुझं नाव घाल." तू म्हणालीस, "येडी आहेस का? रुखवतावर शेजारणीचं नाव कधी बघितलंस?"

सगळ्यांनी नेहमीसारखं बघितलं आणि सोडून दिलं. माझ्या सासूबाईंनी मात्र ते खरं मानलं. त्यांना तीन मुलगे, लेक नाही. त्यांच्या घरातलं ते पहिलंच लग्न. रुखवताची ही गंमत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. टेबलापाशी अर्धा तास उभ्या होत्या, झोपाळ्याच्या गाठींवरनं बोट फिरवत. मला वाटलं, बांगडी अडकली असेल.

सांगलीत पूजेच्या दिवशी त्यांनी अख्खं रुखवत बाहेरच्या खोलीत परत मांडलं, पाटीसकट. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगून टाकलं, "आमची सून दर गुरुवारी दुपारी शिकवेल सगळ्यांना. एवढी कला घरात कशाला कोंडून ठेवायची?" कुंदे, तेव्हाच सांगायचं होतं. 'आई, हे माझ्या मैत्रिणीनं केलंय.' इतकं सोपं होतं. पण मला येऊन आठ दिवस झालेले, डोक्यावरनं पदर घसरू नये एवढंच कळत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी माझा एवढा अभिमान वाटत होता. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

तुला लिहिलेलं पत्र एका ओळीचं होतं. 'कुंदे, मेले मी, वाचव.' पाचव्या दिवशी साताऱ्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं माझ्या नावाची पिशवी काढून दिली. आत एकच वस्तू चार वेळा केलेली होती. पहिली नुसती सुरू केलेली, दुसरी निम्मी, तिसरी पाऊण, चौथी पुरी. प्रत्येकीला चिठ्ठी अडकवलेली. आणि एक पोस्टकार्ड: 'बायकांच्या आधी एक दिवस तू करून बघ. अडलं तर पुढचा नमुना उसव. रडू नकोस.' आपला वर्ग असा चालला. बुधवारी मी शिकायचे, गुरुवारी शिकवायचे. बायकांना वाटायचं, बाई किती तयारीच्या, चार-चार नमुने करून ठेवतात!

आणि तो डाव्या हाताचा घोळ. आठवलं तरी कानशिलं तापतात माझी. तुझे नमुने डाव्या हाताचे, पोस्टकार्डावरची चित्रं डाव्या हाताची. मला काय माहीत? मला वाटलं मॅक्रमे असंच करतात. मी स्वतः उजवी, समोर बसलेल्या तीस बायका उजव्या, आणि मी सगळ्यांना डाव्या हाताला जुंपलं. त्यात आक्काताई होत्या, ऊसवाल्यांच्या घरच्या, वाळव्याकडनं यायच्या. त्या म्हणाल्या, "आवं बाई, डाव्या हातानं घास जात न्हाई, गाठ कशी बसंल? आन् द्येवाचा झोपाळा डाव्या हातानं?" मी म्हणाले, "मॅक्रमे डाव्याच हातानं करायचं असतं. त्याचं शास्त्र आहे." कुठलं शास्त्र न् कसलं काय! पण बाई बोलल्या म्हटल्यावर बायकांनी घरी भांडीसुद्धा डाव्या हातानं घासून सवय केली.

सहा महिन्यांनी तू वर्ग बघायला आलीस. दारातनं बघितलंस, तीस बायका, तीस डावे हात. तू आत आलीच नाहीस. जिन्यावर बसलीस आणि पदर तोंडात कोंबून अशी हसलीस की तुला उचकी लागली. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. "काय झालं हो हिला?" मी म्हणाले, "तिला उन्हाचं होतं असं." नंतर मी तुझ्याशी दोन महिने बोलले नव्हते. पिशव्या मात्र दर आठवड्याला येत होत्या. हात तर आता बदलता येत नव्हता. सांगलीतल्या त्या बायकांच्या गाठींचा पीळ अजून उलटा आहे.

वर्ग बारा वर्षं चालला. मॅक्रमे संपलं, ग्लास पेंटिंग आलं. ते संपलं, मडक्यांवर आरशाच्या काचा चिकटवायचं आलं. तुझ्याकडं पुण्याहून यायचं, माझ्याकडं तुझ्याकडून. आपलं भांडणही तेवढंच चाललं. तू म्हणायचीस, "खूळ आहे गं सगळं. दोन वर्षांनी माळ्यावर जाणार." मला राग यायचा. मी म्हणायचे, "कला आहे ही, कुंदे. तू केलेल्या गोष्टीला तूच खूळ म्हणतेस?" तू म्हणायचीस, "अगं, बायकांना दुपारी दोन ते चार घरातनं बाहेर पडायला कारण पाहिजे. नुसतं 'जाऊन येते' म्हणलं तर कोण सोडतंय? हातात दोऱ्याचं रीळ असलं की कुणी विचारत नाही. रिळाच्या जागी उद्या दुसरं काहीतरी येईल."

मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. पण आक्काताईंचं बघ. पहिल्या गुरुवारी त्यांना एसटीत बसवून द्यायला दीर आले होते आणि उतरवून घ्यायला भाचा. त्यांना पाटी वाचता यायची, पण गाडीत एकटं बसायचं माहीत नव्हतं. वर्षभरात त्या एकट्या यायला लागल्या. पुढं त्यांचा मुलगा फौजेत गेला, त्याची बदली जम्मूला झाली, सून तिथं बाळंत झाली. घरचे म्हणाले, कुणीतरी पुरुष माणूस बरोबर पाहिजे. आक्काताई म्हणाल्या, "व्हय? मग मी मिरजेत गाडी पकडती, तुमी बसा हुडकत." गेल्या की एकट्या, जम्मूपर्यंत! हे मी तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, "बघ. आणि त्यांचा मोर कुठाय आता?" मोर उंदरांनी खाल्ला होता. तू हसत सुटलीस. मी फोन आपटला.

मागच्या दिवाळीत माझ्या सुनेनं भिंतीवर लावायला ऑनलाइन काहीतरी मागवलं. खोका उघडला तर मॅक्रमे! काठीला दोऱ्या बांधलेल्या, खाली झालर. "आई, किती युनिक आहे ना? आता सगळीकडं हेच चाललंय." मी बाथरूममध्ये जाऊन तुला फोन लावला होता. "कुंदे, ते परत आलंय." तू विचारलंस, "घुबड आलंय का?" आपण दोघी किती वेळ हसलो होतो.

आता त्या सत्काराचं. टाळत टाळत इथवर आले.

वर्गाला दहा वर्षं झाली तेव्हा इथल्या महिला मंडळानं माझा सत्कार केला. नारळ, शाल, स्टेज, माईक. मी तुला बोलावलं. खरं तर ठरवूनच बोलावलं. म्हटलं, आज सांगूनच टाकायचं, तू समोर बसलेली असताना. तू साताऱ्याहून दुपारच्या गाडीनं आलीस आणि तिसऱ्या रांगेत बसलीस. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "सुमनताई, आपले गुरू कोण?" पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. डोळे भरलेले, हात जोडलेले, आजूबाजूच्या बायकांकडं वळून वळून बघत होत्या, माझी सून, माझी सून म्हणून. मी माईकमध्ये म्हणाले, "गुरू असं कुणी नाही. उपजतच आवड होती."

तू टाळ्या वाजवल्यास. मी बघितलं, सगळ्यांबरोबर वाजवल्यास.

नंतर जेवताना मी तुझ्या पानात आग्रह करकरून श्रीखंड वाढत होते, आणि तू काय बोलतेस याची वाट बघत होते. तू बोट चाटलंस आणि म्हणालीस, "माईक जरा लांब धरावा गं. फू फू ऐकू येत होतं." बस्स. तुझी गाडी आली, तू गेलीस. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. पुढच्या बुधवारी तुझी पिशवी आली, चार नमुने, चार चिठ्ठ्या, नेहमीसारख्याच. पोस्टकार्डावर एक अक्षर जास्त नाही. मला तर तुझाच राग आला. एकदा शिव्या घालायच्या होत्यास. भांडायला काय झालं होतं तुला? खुळावरनं तासतास भांडायचीस माझ्याशी, आणि ह्याच्यावरनं कधी चकार शब्द काढला नाहीस.

मग सासूबाईंच्या हयातीत तर नाहीच जमलं. त्या गेल्या तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं, हेही आजच कबूल करते. म्हटलं, आता सांगता येईल. त्यालाही सहा वर्षं झाली.

मिरजेच्या दवाखान्यात तू दहा दिवस होतीस. सांगलीहून मी रोज डबा घेऊन यायचे. दहा दिवस म्हणजे काय थोडे झाले? विजया मला खुर्ची द्यायची, स्वतः उभी राहायची, माझ्या हातातली पिशवी घ्यायची. मी मनात म्हणायचे, कुंदीनं पोरीला चांगलं वळण लावलंय. आठव्या दिवशी विजया औषधं आणायला खाली गेली होती. तू उशीला टेकून बसली होतीस, डावा हात सलाईननं सुजलेला. मी म्हणाले, "कुंदे, मला तुला एक सांगायचंय." तू म्हणालीस, "माहितीये. आमटीत हिंग जास्त झालाय." मी म्हणाले, "ते नाही गं." तू डोळे मिटलेस. "मग राहू दे," म्हणालीस, "हिंगाचंच बोल."

तू मुद्दाम तोडलंस का? तुला माझी दया आली, का माझं तोंड बघवेना? मी हिंगाचंच बोलले. तू साताऱ्याला गेलीस. सहाव्या दिवशी विजयाचा फोन आला.

तेराव्याला मी साताऱ्याला आले, लग्नानंतरही तू सोडलं नाहीस त्या घरी. जेवणं झाली. तुमच्या माडीवरच्या जुन्या बायका सगळ्या आल्या होत्या. केस पांढरे, गुडघे गेलेले, जिना चढवेना म्हणून सगळ्या खालच्याच खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. विजयानं माझ्यासाठी खुर्ची आणली, तुझ्या फोटोशेजारी ठेवली. मी म्हणाले, "मी बसते की खाली." ती ऐकेना. मला बसवलं आणि सगळ्यांना म्हणाली, "तुम्ही ओळखताच ह्यांना, सांगलीच्या सुमनमावशी. आईच्या गुरू. आई नेहमी सांगायची, मला जे काही आलं ते सुमनकडनं आलं. लग्न होऊन सांगलीला गेल्यावरही ह्या आईला एसटीनं नमुने पाठवायच्या. मावशी, चार शब्द बोलाल?"

मला आधी कळलंच नाही ती काय बोलली. मग पलीकडच्या घरातल्या नलिनीकाकू म्हणाल्या, "अगं, मला तर तो दिवस लक्षात आहे. पेपरात तुझा फोटो आला, त्यात मागं कुंदाचाच मोर टांगलेला. आम्ही पेटलो ना! म्हटलं, आमच्या कुंदाचं काम स्वतःच्या नावावर खपवते? गाडी करून सांगलीला यायला निघालो होतो तुला जाब विचारायला. कुंदानं दारात अडवलं. म्हणाली, 'कशाला तमाशा करताय? मीच तिच्याकडनं शिकलेय, रात्री तिच्या घरी बसून. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती.' किती ओशाळली होती बाई! आम्हीच मग तिला म्हणालो, असू दे गं, त्यात लाजायचं काय."

पंचवीस वर्षं, कुंदे. तू माझं खोटं असं सांभाळलंस. तुझ्याच घरात, तुझ्याच बायकांसमोर स्वतःला खोटं पाडलंस, आणि मला कळूही दिलं नाहीस. आणि मी इकडं सांगलीत तुझ्या न बोलण्यावर चिडून बसले होते.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "हे खरं नाही. कुंदानं मला शिकवलं. मला काही येत नव्हतं. माझं रुखवत तिनं केलं. पिशव्या ती पाठवायची, मी नाही. मी सत्काराच्या दिवशी खोटं बोलले, आणि ती तिथंच समोर बसलेली होती."

मला वाटलं, झालं, आता नलिनीकाकू उठतील आणि पस्तीस वर्षांचं सगळं माझ्या पदरात घालतील. घालू देत, मी तयार होते. पण विजया रडायला लागली. रडता रडता हसली. म्हणाली, "बघा! आई म्हणायची तस्संच. आई म्हणायची, 'सुमनला कधी विचारलंस तर ती नाहीच म्हणेल बघ. सगळं माझ्यावर ढकलेल. तिचा स्वभावच तसा आहे, मोठ्या मनाची आहे ती.'"

"अगं बाई, नाही गं!" मी ओरडलेच. "तुझी आई डावखुरी होती. मी उजवी. मग मी डाव्या हातानं गाठी का मारते? तिच्याकडनं शिकले म्हणून ना?"

विजयानं डोळे पुसले. "तेही सांगायची आई. 'मी डावखुरी, मला उजव्या हाताचं काही कळायचं नाही, म्हणून सुमन माझ्यासाठी डाव्या हातानं शिकली.' मावशी, एवढं कोण करतं हो कुणासाठी?"

सतरंजीवरच्या बायका चुकचुकल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. नलिनीकाकू म्हणाल्या, "अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं." मी परत एकदा सांगितलं. आईची शपथ घेतली. "हो हो," बायका म्हणाल्या, "बस तू, दमलीस." कुणीतरी मला पाणी दिलं.

निघताना विजया वाकली. मी पाय मागं घेतले, तर तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि त्यांवर कपाळ टेकलं. तिच्या मागं तुझ्या बायका एकेक करत उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, एकमेकींना धरून. मी "नको गं, माझ्या नको" म्हणत होते. एकीनंही ऐकलं नाही. तुझ्या घरात, तुझ्या फोटोपुढं, सगळ्यांनी मला नमस्कार केला. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवत गेले. दुसरं काय करणार होते? मला तेव्हाही रडू आलं नाही.

ह्या वेळी मी गप्प बसले नव्हते, कुंदे. एवढंच तुला कळवायचं होतं. दोनदा सांगितलं, उभं राहून सांगितलं, अगदी मोठ्यानं सांगितलं. पण तू माझ्या आधीच सगळ्यांशी बोलून ठेवलं होतंस.

तुझी,
सुमन